राउटरच्या शेजारी बसलं तरच चालणारं वायफाय

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या हिंगणा रोडला खोली करून राहणाऱ्या, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलाने २०१५ च्या आसपासचा सेकंडहँड लॅपटॉप घेतला आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २१ टाकलं. घरमालकांचा राउटर खाली हॉलमध्ये, याची खोली वर. हॉलमध्ये राउटरजवळ बसलं की वायफाय चालतं, खोलीत गेलं की नेटवर्कचं नाव दिसतं आणि गायब होतं. फोनला मात्र त्याच खोलीत व्यवस्थित रेंज. राउटरचं '५जी' शेपूट असलेलं दुसरं नाव फोनवर येतं, लॅपटॉपवर कधीच येत नाही. मग एका मित्राने कुठून तरी कॉपी केलेल्या कमांड मारल्या, गिटहब या कोडच्या साइटवरून ड्रायव्हर (म्हणजे वायफायचं कार्ड चालवणारा प्रोग्राम) डाउनलोड करून बसवला, आणि आता खालच्या पट्टीतलं वायफायचं चिन्ह कुठलंच नेटवर्क दाखवत नाही. 'सर, ड्रायव्हरच नाही बहुतेक, फॉरमॅट मारू का?'

नको मारू. फॉरमॅटने मित्राचा गोंधळ जाईल, पण मूळ दुखणं तसंच राहील आणि परवा तू पुन्हा इथेच येशील. तुझ्या वर्णनात तीन वेगवेगळी दुखणी आहेत. तिन्हींना तू 'ड्रायव्हर नाही' असं एकच नाव दिलं आहेस. खरं तर ड्रायव्हर पहिल्या दिवसापासून होता. ड्रायव्हर नसता तर राउटरच्या मांडीवर बसूनही वायफाय चाललं नसतं.

लिनक्सवर वायफाय बिघडलं की आधी कुठल्या पायरीवर अडलं ते पाहायचं. कार्ड दिसतं का, त्याला ड्रायव्हर चिकटला का, ड्रायव्हरला फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची, फाईल मिळाली का, रेडिओ चालू आहे का, राउटरशी जोडणी झाली का, आयपी पत्ता मिळाला का, आणि शेवटी नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस चालतं का. कमांड मारणारे पोट्टे बहुतेक वेळा चौथ्या पायरीवरच्या दुखण्याला दुसऱ्या पायरीचं औषध देतात, त्यामुळे चांगली चालणारी दुसरी पायरीही बिघडते. तुझ्याकडे नेमकं हेच झालं आहे.

आधी नेटची सोय करून घे. फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला लाव आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू कर. लिनक्स त्याला वायरचं नेटवर्क समजतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. अँड्रॉइड फोन स्वतः वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून लॅपटॉपला देतो, म्हणजे डेटाही जळत नाही. पेनड्राइव्हवर पॅकेजेस उतरवून आणण्याची यातायात त्यामुळे संपते.

आता टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघड. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे, टाइप करताना अर्थातच रोमन लिपी आणि लहान अक्षरं. पहिली कमांड 'एल-एस-पी-सी-आय', तिच्यापुढे एक जागा सोडून डॅश आणि 'एनएनके'. लांब यादी येईल, त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' अशी ओळ शोध. त्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात कोलनने जोडलेले दोन आकडे असतात. पहिला आकडा कंपनीचा: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक, १६८सी अथेरॉस, १४सी३ मीडियाटेक. कार्डाची खरी ओळख या आकड्यांनी पटते. लॅपटॉपच्या खोक्यावरचं किंवा दुकानदाराने सांगितलेलं नाव यात काही कामाचं नाही, कारण एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपन्या दोन-तीन वेगवेगळी कार्डं घालतात. खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असेल तर ड्रायव्हर चिकटला आहे. ती ओळच नसेल तर नाही.

तू सांगितलेल्या लक्षणांवरून माझा अंदाज आहे की तुझ्याकडे '१०ईसी:बी७२३' असं दिसेल, म्हणजे रिअलटेकचं आरटीएल८७२३बीई. हे कार्ड त्या काळातल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये ढिगाने आलं. जवळ चालतं, दहा पावलांवर मरतं, हे त्याचं ठरलेलं लक्षण आहे. कार्डावर अँटेनाची वायर लावायला दोन टोकं असतात, आणि पुष्कळ लॅपटॉपमध्ये पैसे वाचवायला एकाच टोकाला वायर जोडलेली असते. अँटेना कुठल्या टोकाला आहे याची नोंद कार्डाच्या छोट्या मेमरीत असते आणि ती काही यंत्रांत चुकीची असते. ड्रायव्हर बिचारा त्या नोंदीवर विश्वास ठेवून रिकाम्या टोकातून ऐकत बसतो. राउटर शेजारीच असेल तर रिकाम्या टोकातूनही थोडंफार ऐकू येतं, म्हणून हॉलमध्ये चालतं. विंडोजवर हाच लॅपटॉप नीट चालायचा असं विकणारा म्हणाला असेल तर तेही खरं असू शकतं.

पण उपाय करण्याआधी मित्राने केलेलं निस्तरावं लागेल, नाहीतर कुठल्या ड्रायव्हरवर उपाय करतो आहोत तेच कळणार नाही.

पहिलं, 'एन-एम-सी-एल-आय डिव्हाइस' ही कमांड मार. वायफायचं उपकरण, बहुधा 'डब्ल्यूएलपी२एस०' अशा काहीतरी नावाचं, यादीत असून त्याच्यापुढे 'अनमॅनेज्ड' लिहिलेलं असेल, तर मित्राने 'ईटीसी' फोल्डरातल्या 'नेटवर्क'मध्ये जाऊन 'इंटरफेसेस' नावाच्या फाईलीत हात घातला आहे. जुन्या लेखांत ही पद्धत असायची. मिंट, उबुंटू आणि डेबियनच्या डेस्कटॉपवर वायफाय सांभाळतो तो नेटवर्क मॅनेजर, आणि त्या फाईलीत ज्या उपकरणाचं नाव सापडतं त्याला तो हात लावत नाही. दोन कारभाऱ्यांनी भांडू नये म्हणून तशी सोय आहे. फाईलीतल्या वायफायच्या ओळी काढून टाक, 'एलओ' नावाच्या दोन ओळी असतील तर त्या राहू दे, आणि यंत्र रीस्टार्ट कर. चिन्ह परत यायला हवं.

उपकरण यादीतच नसेल तर गोंधळ ड्रायव्हरचा आहे. 'डीकेएमएस स्टेटस' मारून बघ, बाहेरून बसवलेल्या ड्रायव्हरची यादी त्यात मिळते. तिथे रिअलटेकचं काही दिसलं तर 'डीकेएमएस रिमूव्ह' करून ते काढ. 'मेक इन्स्टॉल' करून बसवलं असेल तर काढणं जरा किचकट, पण एक सोपी वाट आहे: ते फक्त त्या वेळी चालू असलेल्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, फोल्डरात बसलेलं असतं. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' मेनूत 'लिनक्स कर्नल्स' आहे, तिथून दुसरा कर्नल बसव आणि त्यात बूट कर. त्याचे ड्रायव्हर कोरे करकरीत असतात. 'ईटीसी'मधल्या 'मॉडप्रोब डॉट डी' फोल्डरात 'ब्लॅकलिस्ट' शब्दाने सुरू होणारी, ड्रायव्हरला आपोआप चढू न देणारी, रिअलटेकची ओळ मित्राने टाकली असेल तर तीही काढ. बाकीच्या ब्लॅकलिस्ट फाईली सिस्टिमच्या आहेत, त्यांना हात लावू नको.

गिटहबवरचे ड्रायव्हर वाईट असतात असं नाही. रिअलटेकच्या कार्डांसाठी लॅरी फिंगर नावाच्या गृहस्थांनी वर्षानुवर्षं हे काम सांभाळलं, ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांच्या ड्रायव्हरमध्येही त्यांचा मोठा वाटा. २०२४ च्या जूनमध्ये ते वारले, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. आज आपल्या गावातले कितीतरी जुने लॅपटॉप त्यांच्या मेहनतीवर चालतात. पण त्यांचं बरंचसं काम आता कर्नलमध्येच आहे. बाहेरून ड्रायव्हर आणायचा तो कर्नलमध्ये नसेल तेव्हाच. आरटीएल८८२१सीई कर्नल ५.९ पासून, आरटीएल८८५२बीई ६.२ पासून, मीडियाटेकचं एमटी७९२१ हे ५.१२ पासून कर्नलमध्येच आहे. म्हणजे नव्या लॅपटॉपवर वायफाय नसेल तर बहुतेकदा नवा कर्नल हाच उपाय. बाहेरच्या ड्रायव्हरचं आणखी एक लफडं म्हणजे सिक्युअर बूट, लॅपटॉपमधली सही तपासणारी सोय. तो चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही आणि 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' असं सांगतो. लोक ते वाचतच नाहीत आणि तोच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवत राहतात.

वाचण्यावरून आठवलं. 'सुडो डी-मेसेज' म्हणजे 'डी-एम-ई-एस-जी' ही कमांड कर्नलची रोजनिशी दाखवते (आधी 'सुडो' लावलं की कमांड मालकाच्या अधिकाराने चालते). तिच्यात 'फर्मवेअर' शब्द शोध. 'फेल्ड विथ एरर -२' असं दिसलं तर अर्थ एवढाच की फाईल सापडली नाही. मिंटवर 'लिनक्स-फर्मवेअर' पॅकेज पुन्हा बसवलं की झालं. डेबियनवाल्यांना याचा फार त्रास व्हायचा, कारण मालकी हक्काचं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये नसायचं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं, त्यामुळे त्याआधीचे लेख वाचून कामाला लागू नको.

आता मुख्य काम. आधी सध्याची अवस्था मोजून ठेव. खोलीत, जिथे तू अभ्यासाला बसतोस तिथेच बसून, 'आय-डब्ल्यू डेव्ह', पुढे उपकरणाचं नाव, पुढे 'लिंक' असं टाइप कर. जोडणीच होत नसेल तर 'लिंक'ऐवजी 'स्कॅन' लिही आणि कमांडच्या सुरुवातीला सुडो लाव. 'सिग्नल' पुढे उणे आकडा येईल, एकक डीबीएम. उणे ४० म्हणजे राउटर समोर, उणे ६५ पर्यंत व्हिडिओ क्लास सुरळीत, उणे ७५ ला रडगाणं सुरू, उणे ८५ च्या पलीकडे नाव दिसलं तरी काम होत नाही. चिन्हाच्या दांड्या बघू नको, आकडा बघ. हा आकडा लॉगरिदमचा आहे, दर दहाला शक्ती दसपट बदलते.

मग ड्रायव्हर मेमरीतून उतरव आणि अँटेना सांगून पुन्हा चढव. उतरवायला 'सुडो मॉडप्रोब', पुढे डॅश आर, पुढे ड्रायव्हरचं नाव 'आर-टी-एल-८७२३-बी-ई', आकडे रोमनच. चढवायला तीच कमांड डॅश आर सोडून, आणि नावानंतर जागा सोडून 'ए-एन-टी', अंडरस्कोअर, 'एस-ई-एल', बरोबरचं चिन्ह, २. पुन्हा सिग्नल मोज. फरक नाही पडला तर उतरव आणि २ च्या जागी १ देऊन चढव. या कार्डाला हे दोनच पर्याय आहेत. बरोबर टोक लागलं की आकडा उणे ८० वरून उणे ५५ च्या आसपास उडी मारतो, आणि खात्री करायला वेगळी टेस्ट लागत नाही. जो आकडा चालला तो कायमचा करायला 'ईटीसी'तल्या 'मॉडप्रोब डॉट डी'मध्ये, शेवट 'डॉट कॉन्फ' असलेली एक फाईल बनव. तिच्यात एकच ओळ: 'ऑप्शन्स', ड्रायव्हरचं नाव, आणि तोच अँटेनाचा तुकडा. रीस्टार्ट करून पुन्हा एकदा सिग्नल बघून घे, कारण टायपिंगची चूक असेल तर ड्रायव्हर गपचूप जुन्याच सवयीवर जातो.

आता ते '५जी' नाव. ते लॅपटॉपला दिसणार नाही, कधीच. आरटीएल८७२३बीई फक्त २.४ गिगाहर्ट्झवर ऐकतं, आणि राउटरचं ते दुसरं नाव ५ गिगाहर्ट्झचं आहे, मोबाईलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही. कुठलीही कमांड यावर चालत नाही. घरमालकांना दोन्ही नावं वेगळी ठेवायला सांग म्हणजे तुझा गोंधळ होणार नाही. राउटरचा चॅनल ऑटोवर असेल तर १, ६ किंवा ११ वर ठेवायला सांग. आपल्या देशात १२ आणि १३ चॅनललाही परवानगी आहे, पण लॅपटॉपला आपण कुठल्या देशात आहोत हे कळलं नसेल तर तो या दोन चॅनलवर स्वतःहून विचारणा करत नाही, नुसता ऐकतो, आणि नाव कधी दिसतं कधी नाही. 'आय-डब्ल्यू रेग गेट'मध्ये देशाच्या जागी दोन शून्यं दिसली तर 'सुडो आय-डब्ल्यू रेग सेट' पुढे मोठ्या अक्षरांत आय-एन दे.

ब्लूटूथचे हेडफोन लावून क्लास ऐकत असशील तर त्या कार्डावर ब्लूटूथही आहे, दोघं २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात आणि बहुधा एकाच अँटेनावर. गाणं चालू केलं की डाउनलोड झोपतं, हे या कार्डाचं रोजचंच आहे. वायरचे इअरफोन वापर.

सिग्नल सुधारल्यावरही पाच-दहा मिनिटं काही न करता बसलं की नेट अडकत असेल, तर तो वीज बचतीचा प्रकार आहे. 'ईटीसी'मधल्या 'नेटवर्क मॅनेजर' फोल्डरात 'कॉन्फ डॉट डी' आहे, त्यात 'डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' नावाची फाईल सापडेल. तिच्यात 'पॉवरसेव्ह' बरोबर ३ आहे, त्याचं २ कर. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. असे उलटे आकडे कोणी ठरवले देव जाणे. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण खोलीत तू चार्जर लावूनच बसतोस असं धरून चालतो.

आणि हे लिनक्सचं नाही, पण नागपुरात सांगितल्याशिवाय भागत नाही: कूलर. मार्चअखेर खिडक्यांत कूलर बसले की 'वायफाय स्लो झालं' अशा तक्रारी सुरू होतात आणि लोक नेट देणाऱ्याला शिव्या घालतात. काही जण म्हणतात कूलरच्या मोटरमुळे होतं. मोटर निरपराध आहे. कूलरची बॉडी पत्र्याची, खाली टाकीभर पाणी, तिन्ही बाजूंना ओली गवताची जाळी. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं. राउटर आणि तुझी खोली यांच्यामधल्या खिडकीत हे धूड बसलं तर जानेवारीत उणे ६० असलेला आकडा मे महिन्यात बराच खाली जाऊ शकतो. खालच्या हॉलचा कूलर आणि राउटर एकाच भिंतीला असतील तर घरमालकांना विनंती करून राउटर दोन-तीन फूट बाजूला आणि उंचावर ठेवायला लाव. टीव्हीच्या मागे कोंबलेला असेल तर आधी तिथून काढायला सांग. हलवल्यावर वर येऊन पुन्हा सिग्नल मोज.

कॉलेजच्या वायफायला नुसता पासवर्ड न मागता युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही मागत असतील तर तिथे वेगळी अडचण येऊ शकते. तिथे बहुधा 'पीईएपी' आणि त्याच्या आत 'एमएसचॅप व्ही२' निवडायचं असतं. मिंट २१ ज्याच्यावर उभं आहे त्या उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आलं, आणि जुनाट सर्व्हरशी ते बोलायला नकार देतं. नोंदींत 'अनसेफ लेगसी रीनेगोशिएशन' असे शब्द दिसले तर चूक तुझ्या लॅपटॉपची नाही. सर्व्हर सुधारायला कॉलेजच्या नेटवर्क विभागाला सांग. 'सर्टिफिकेट लागत नाही' या खुणेवर टिक करून मोकळं होण्याची सवय मात्र लावू नको. त्याच नावाचं खोटं नेटवर्क कोणी बाजूच्या कॅन्टीनमध्ये उभं केलं तर तुझा लॅपटॉप बिनबोभाट तिथे लॉगिन करायला जाईल. कॉलेजकडून सर्टिफिकेटची फाईल मागून घे आणि ती लाव.

एवढं करूनही सिग्नल हलला नाही तर कार्डच बदल. बर्डीच्या बाजारात जाण्याआधी दोन गोष्टी ठरव. खालचं झाकण उघडून कार्ड मिनी पीसीआय एक्सप्रेस प्रकारचं आहे की एम.२ प्रकारचं ते बघ. दोघांच्या खाचा वेगळ्या आणि अँटेनाच्या टिकल्यांचा आकारही वेगळा. इंटेलचं ७२६० दोन्ही प्रकारांत यायचं, त्यात ५ गिगाहर्ट्झ मिळतं आणि लिनक्सवर ते निमूट चालतं. एम.२ असेल तर एएक्स२०० घे, एएक्स२०१ नको. दुकानात दोन्ही सारखीच दिसतात, पण २०१ चा अर्धा मेंदू इंटेलच्या नव्या चिपसेटमध्ये असतो, तुझ्या जुन्या यंत्रात ते दिसणारच नाही. जुन्या काही लॅपटॉपचे बायोस अनोळखी कार्ड पाहून सुरूच होत नाहीत, 'अनसपोर्टेड वायरलेस डिव्हाइस' म्हणून अडून बसतात. त्यामुळे परत घेण्याच्या बोलीवरच घे.

उघडझाप करायची नसेल तर यूएसबीचा डोंगल, पण खोक्यावरचं नाव बघून घेऊ नको, आतली चिप विचार. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे जुनं उदाहरण: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, लावली की चालायची, पुढच्या आवृत्तीत तेच नाव आणि तसंच रूप, पण आत रिअलटेक. एमटी७६१२यू चिप असलेला मिळाला तर डोळे झाकून घे, तो दोन्ही पट्ट्यांवर चालतो. आणि २.४ वर वापरायचा असेल तर तो निळ्या यूएसबी ३ पोर्टात, चालू हार्डडिस्कच्या शेजारी खुपसू नको. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात पडतो. हातभर एक्स्टेन्शन केबलवर टांगला तरी फरक पडतो.

पहिल्या कमांडने '१०ईसी:बी७२३' ऐवजी दुसरंच काही दाखवलं तर अँटेनाचा भाग सोडून दे आणि मला तीन गोष्टी पाठव: ती नेटवर्क कंट्रोलरची ओळ खालच्या दोन ओळींसकट, 'आर-एफ-किल लिस्ट' या, रेडिओ बंद केला आहे का ते सांगणाऱ्या कमांडचं उत्तर, आणि कर्नलच्या रोजनिशीतल्या फर्मवेअर शब्द असलेल्या ओळी. आर-एफ-किलमध्ये 'हार्ड ब्लॉक्ड, येस' दिसत असेल तर लॅपटॉपच्या कडेला एखादं सरकतं बटन आहे का तेही बघून ठेव. आणि स्क्रीनचा फोटो नको, मजकूर कॉपी करून पाठव.